लहानपणी किडनीचं ऑपरेशन

माझ्या अंगावर कुठलाही स्कर्ट तासाभराच्या वर सरळ राहत नाही. बाजूला शिवलेली चेन हळूहळू पुढे सरकते आणि दुपारपर्यंत बेंबीखाली येऊन बसते. माझी डावी कंबर उजवीपेक्षा दोन बोटं आत आहे, म्हणून. तिथले स्नायू पाचव्या वर्षापासून नीट वाढलेच नाहीत. मी सदतीस वर्षांची आहे, पण डाव्या बरगडीखालचा वीतभर भाग अजून त्या पाच वर्षांच्या मुलीचाच आहे.

१९९३ साली माझ्या डाव्या किडनीत विल्म्स ट्यूमर निघाला. लहान मुलांच्या किडनीत होणारा हा कॅन्सर. यातून बहुतेक मुलं बरी होतात, मीही झाले. किडनी काढली, काही महिने केमो झाली आणि मध्ये सहा दिवस रेडिएशन. आई त्याला ‘लाइट’ म्हणायची. ‘चल, लाइटला जायचंय.’ मला त्यातलं आठवतं ते गार टेबल, पोटावर पडलेली लाल रेघ, आणि सगळे खोलीबाहेर गेल्यावर भिंतीवरच्या स्पीकरमधून येणारा आईचा आवाज. ती आकडे म्हणायची, तिच्यामागून मी. साठ-सत्तरच्या आसपास दार उघडायचं.

घरात मात्र या सगळ्याचं एकच नाव पडलं: किडनीचं ऑपरेशन. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नसे, आणि लाइट तर सगळे विसरूनच गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांना त्या वर्षातलं जेवढं विसरता येईल तेवढं विसरायचं असतं. पण त्यामुळे झालं काय, की शाळेपासून नोकरीपर्यंतच्या प्रत्येक फॉर्मवर, ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात, मी तेच तीन शब्द लिहीत आले. लहानपणी किडनीचं ऑपरेशन. पोटावरचा आडवा व्रण बघून डॉक्टरांनाही ते पटायचं. पुढे कुणी विचारत नसे.

तिसाव्या वर्षी, लग्नाला वर्ष झालं तेव्हा, माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रक्ताची एक तपासणी करायला सांगितली, एएमएच. बीजकोशात शिल्लक असलेल्या, बीजांभोवतीच्या बारीक पुटिका हे हार्मोन बनवतात, त्यामुळे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. माझा आकडा आला ०.७. त्या वयाच्या बाईच्या मानाने बराच कमी. बाई म्हणाल्या, ‘मूल हवं असेल तर आता थांबू नका.’ पुढचे काही महिने आमच्या घरात या एकाच आकड्याची चर्चा. नवरा रात्री मोबाइलवर एएमएच वाढवायचे उपाय शोधत बसायचा. तो वाढत नसतो, बीजांचा साठा पुन्हा भरता येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. आणि हेही, की एएमएच कमी असला तरी आपसूक दिवस राहू शकतात. साठा कमी म्हणजे मुदत कमी. महिन्याला लागतं एकच बीज.

प्रयत्नांच्या सातव्या महिन्यात दिवस राहिले. आम्हाला वाटलं, अडथळा पार झाला.

एकोणिसाव्या आठवड्यात, एका सकाळी, ओटीपोटात दुखलंही फारसं नाही, नुसतं जड वाटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पाणी गेलं होतं. पिशवीचं तोंड उघडलेलं होतं. तो मुलगा होता. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन.

सहा आठवड्यांनी आम्ही दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल वाचली, मला टेबलावर झोपवलं, व्रणावरून बोट फिरवलं, मग डाव्या कंबरेला हात लावून थांबल्या. ‘नुसतं ऑपरेशन झालं होतं? ही बाजू अशी ऑपरेशनने होत नाही.’ मग त्यांना व्रणाच्या खाली तिळासारखा निळसर ठिपका दिसला. मी त्याला जन्मभर तीळ समजत आले होते. ‘ही रेडिएशनची खूण आहे. रोज त्याच जागी किरण पडावेत म्हणून गोंदतात.’

त्यांनी स्वतः सोनोग्राफी केली. एरवी मोठ्या बाईची गर्भपिशवी सात-आठ सेंटिमीटर लांब असते. माझी भरली ५.३. पाळी यायच्या आधीच्या मुलीची साधारण तीन सेंटिमीटर असते, म्हणजे माझी वाढली होती, पण निम्म्या वाटेवर थांबली होती. या आधी माझ्या चार सोनोग्राफी झाल्या होत्या. बाळाची मापं सगळ्यांनी घेतली, ज्या पिशवीत ते होतं तिचं कुणी घेतलं नाही. अर्थात का घ्यावं? फॉर्मवर मी लिहिलंच होतं, किडनीचं ऑपरेशन.

बाईंनी विचारलं, ‘किती ग्रे दिले होते? फील्ड कुठपर्यंत होतं?’ मला ग्रे म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. (एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेशीच्या आतल्या डीएनएला तेवढं पुष्कळ होतं. आणि फील्ड म्हणजे किरण पडतात तेवढा भाग.)

उपचार झाले त्या हॉस्पिटलात माझी फाइल उरलेली नव्हती, जुनी कागदपत्रं त्यांनी नष्ट केली होती. फाइल उरली होती ती आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या बाळपणीच्या कपड्यांखाली. एक पिवळट कार्ड, त्यावर सहा तारखा आणि प्रत्येकीपुढे १.८, सहा सह्या, खाली बेरीज १०.८. आणि त्याच्याबरोबर एक मोठी एक्स-रे फिल्म. माझ्या पाच वर्षांच्या पोटाची. बरगड्या, मणके, कमरेची हाडं, आणि त्यावर मेणाच्या पेन्सिलीने आखलेला चौकोन. आई ट्रंकेपाशी बसूनच होती. म्हणाली, ‘मी फेकलं नाही काहीच. फक्त वर ठेवलं नाही.’

ती फिल्म घेऊन आम्ही एका मेडिकल फिजिसिस्टकडे गेलो. रेडिएशन विभागात डोसचा हिशेब हे लोक मांडतात. त्यांच्याकडे फिल्म बघायची दिव्याची पेटी राहिलेली नव्हती, सगळं कॉम्प्युटरवर. त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि उन्हात माझं पोट दिसायला लागलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोटाने चौकोनाची उजवी कड दाखवली.

‘ही रेघ बघा. ट्यूमर डावीकडे होता, तरी रेघ मणक्यांच्या पलीकडे गेलीय. मुद्दाम. मणका अर्धाच फील्डमध्ये आला तर त्याची एकच बाजू वाढते आणि पाठ वाकडी होते. म्हणून मणका पूर्ण घेतात.’ मग चौकोनाची खालची कड. ‘आणि ट्यूमर मोठा होता, म्हणून फील्ड इथपर्यंत खाली आलं. लहान मुलींचे बीजकोश मोठ्या बाईपेक्षा वर असतात. गर्भाशय मधोमध.’

माझी पाठ सरळ आहे. ती सरळ राहावी म्हणून कुणीतरी १९९३ साली पेन्सिल दोन सेंटिमीटर पुढे नेली, आणि त्या दोन सेंटिमीटरच्या खालच्या टोकाला माझी गर्भपिशवी होती. त्या माणसाचा मला राग आला का, असं नवऱ्याने परतताना विचारलं. नाही आला. मला त्याची पेन्सिल पाहून विचित्र वाटलं, इतकी सुबक रेघ होती.

फिजिसिस्टनी पाच वर्षांच्या मुलीच्या शरीराचं मॉडेल वापरून हिशेब मांडला आणि एका पानावर लिहून दिला. डावा बीजकोश सुमारे ९ ग्रे. उजवा सुमारे २, तोही थेट नाही, फील्डच्या कडेने विखुरलेल्या किरणांचा. गर्भाशय सरासरी ५, डावी बाजू जास्त. त्या पानाची मी दहा झेरॉक्स काढली.

आता जरा त्या आकड्यांबद्दल, कारण ते समजून घ्यायला मला वर्ष लागलं आणि कुणी तरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईतो तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती चारशे-पाचशे. बाकीची झोपलेली, वाट बघत. या झोपलेल्या बीजांना किरणांचा मार फारच लागतो. २००३ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी मांडलं की निम्मी बीजं नष्ट व्हायला २ ग्रेपेक्षाही कमी डोस पुरतो. माझ्या कार्डावरच्या एका तारखेपुढचा आकडा होता १.८. म्हणजे आईने साठ-सत्तरपर्यंत आकडे म्हणेपर्यंत फील्डच्या आत असलेला साठा जवळपास अर्धा झाला असणार, आणि हे सहा वेळा. त्याच गटाने २००५ मध्ये वयाप्रमाणे हिशेब दिला: दोन्ही बीजकोशांना किती डोस मिळाला की जवळपास सगळ्याच जणींचे बीजकोश लगेच थांबतात. जन्मतः २०.३ ग्रे, दहाव्या वर्षी १८.४, विसाव्या वर्षी १६.५, तिसाव्या वर्षी १४.३. लहान वयात साठा मोठा असतो म्हणून आकडा मोठा. मला उजव्या बीजकोशाने तारलं.

बीजांचं हे गणित आता बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं. एग्ज फ्रीझ करणं, एएमएच तपासणं, हे सगळं त्याभोवती फिरतं. गर्भपिशवीचं गणित त्याच टेबलावर क्वचित मांडलं जातं, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. बीज असणं आणि ते नऊ महिने धरून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रेडिएशन त्या दोन्हींवर वेगवेगळं चालतं.

पिशवी हा मुळात स्नायू आहे. तिला ताणता यायला हवं आणि तिच्या रक्तवाहिन्या गरोदरपणात कित्येक पटींनी रुंदावायला हव्यात. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, स्नायूत तंतू वाढतात, आतलं अस्तर नीट जाड होत नाही. पाळी यायच्या आधी हे झालं तर पिशवी पुरती वाढतच नाही, आणि नंतर हार्मोन देऊन थोडी सुधारली तरी पूर्ण भरून येत नाही. मग जागा कमी, रक्त कमी. दुसऱ्या तिमाहीत गर्भपात, मुदतीआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, कधी पोटातच मृत्यू, वार नीट न सुटणं. अमेरिका आणि कॅनडात लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्यांचा जो मोठा पाठपुरावा १९९४ पासून चालू आहे, त्यात ज्यांच्या गर्भाशयाला ५ ग्रेपेक्षा जास्त डोस मिळाला होता त्यांची निम्मी बाळं मुदतीआधी जन्मली होती. रेडिएशन न झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होतं. २०१० मध्ये त्याच पाठपुराव्यातून दिसलं, की पाळी सुरू होण्याआधी गर्भाशयाला आणि बीजकोशांना अडीच ग्रेच्या वर डोस मिळाला असेल तर मृत जन्माचा किंवा जन्मल्यावर लगेच दगावण्याचा धोका कित्येक पट वाढतो. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

आमचा एक लहानसा गट आहे, लहानपणी किंवा तरुणपणी कॅन्सर झालेल्या सहाजणींचा. दर दोन महिन्यांनी भेटतो. सहा जणींची सहा गणितं. एकीला अकराव्या वर्षी बोन मॅरो प्रत्यारोपणाआधी सगळ्या शरीराला १२ ग्रे मिळाले. तिला पाळी गोळ्यांवरच आली, पिशवी माझ्याहून लहान. दात्या स्त्रीच्या बीजाचा पर्याय तिच्यापुढे होता, पण पिशवीबद्दल ऐकल्यावर तिने विचारपूर्वक तो सोडला, आणि त्याबद्दल तिला कुणी बिचारी म्हटलेलं खपत नाही. दुसरीला मेंदूच्या गाठीसाठी डोक्याला रेडिएशन झालं. तिची बीजं आणि पिशवी ठणठणीत, पण वरून हुकूमच येत नाही, कारण पिट्युटरी ग्रंथी बंद पडलीय. तिला इंजेक्शनं देऊन बीज पिकवलं आणि मुलगा झाला. आमच्यात सगळ्यात सोपी गोष्ट तिची, असं आम्ही म्हणतो आणि ती चिडते. तिसरीला सोळाव्या वर्षी हॉजकिन्स, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, छातीला आणि मानेला रेडिएशन. तिची अडचण पोटात नाहीच. थायरॉइडची गोळी, गरोदर राहण्याआधी हृदयाची इको, स्तनांची दरवर्षी एमआरआय, आणि बाळ झाल्यावर दूध बेताचं, कारण किरण लागलेल्या स्तनात ते कमी येतं.

गटात अलीकडे आलेली सगळ्यात धाकटी अठ्ठावीस वर्षांची. गुदाशयाचा कॅन्सर, ५०.४ ग्रे, अठ्ठावीस दिवसांत विभागून. उपचार सुरू होण्याआधी तिच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. पाळीची वाट न बघता इंजेक्शनं सुरू केली, दोन आठवड्यांत अकरा बीजं मिळाली, ती गोठवली. दुर्बिणीतून बीजकोश उचलून कमरेच्या वर नेऊन शिवले आणि त्यांना बारीक धातूच्या क्लिपा लावल्या, म्हणजे रेडिएशन आखणाऱ्यांना ते दिसावेत आणि फील्डबाहेर राहावेत. सगळं वेळेत, सगळं चोख. विखुरलेले किरण थोडे पोचतातच, तरी तिची पाळी कदाचित वाचेल. मला हे सगळं तिने आनंदाने सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘आता दोन वर्षांनी बघू बाळाचं.’

मी विचारलं, ‘आणि पिशवी?’

गुदाशय पिशवीच्या बरोबर मागे असतो. त्याला पन्नास ग्रे म्हणजे पिशवीला बहुतांश तेवढेच. मोठ्या बाईच्या गर्भाशयाला साधारण ४५ ग्रेच्या वर मिळाले असतील, किंवा लहानपणी २५ च्या वर, तर बहुतेक तज्ज्ञ गरोदर राहू नका असंच सांगतात. तिने गोठवलेली अकरा बीजं वापरायची तर पिशवी दुसऱ्या कुणाची लागेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ‘एग्ज फ्रीझ केलीत, आता निश्चिंत राहा’ असं सांगितलं होतं.

ती रडली नाही. भयंकर चिडली. मला ते बरं वाटलं. म्हणाली, ‘तरीही मी बीजं गोठवली असती. पण मला माहीत असायला हवं होतं की मी काय गोठवतेय.’ तिने मग शोधून काढलं, की ब्राझीलमधले सर्जन रेइतान रिबेरो यांनी अशाच एका बाईची गर्भपिशवीच तात्पुरती वर पोटात नेऊन, रेडिएशन संपल्यावर परत जागेवर आणून बसवली, आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. असं ऑपरेशन अजून जगात मोजक्याच ठिकाणी होतं आणि प्रत्येकीला लागू पडत नाही. तिला ते मिळालं असतं असं नाही. निदान विचारता तरी आलं असतं. योनीमार्ग आकसतो, त्यासाठी रेडिएशननंतर डायलेटर नेमाने वापरावा लागतो, हेही तिला एका नर्सने कोपऱ्यात नेऊन, आवाज खाली करून सांगितलं. जणू काही चोरीचा माल आहे. आणि एक, महिन्याला घ्यायचं ते ‘बीजकोश झोपवणारं’ इंजेक्शन: काही केमोंपासून त्याने थोडं संरक्षण मिळतं, किरणांपासून मिळत नाही. तिला कुणीतरी दोन्हींसाठी सांगितलं होतं.

माझ्याबाबतीत सगळ्यांच्या मनातला आणि कुणीच तोंडावर न विचारलेला प्रश्न होता तो बाळाच्या व्यंगाचा. सासूबाई आडून आडून विचारायच्या, ‘डॉक्टर बाळाबद्दल काय म्हणतात?’ तर डॉक्टर म्हणतात ते असं. २०१२ मध्ये त्याच अमेरिकी पाठपुराव्यातल्या ४,६९९ मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. आईच्या बीजकोशांना किंवा वडिलांच्या वृषणांना मिळालेल्या डोसाचा आणि मुलांच्या जन्मजात व्यंगाचा संबंध आढळला नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या सुमारे ७७ हजार मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा झाला, त्यांच्यातही आईबापांना लागलेल्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. मला यातलं सगळ्यात आवडलेलं कारण वेगळंच आहे. झोपलेल्या बीजात पी-६३ नावाचं एक प्रथिन पहाऱ्यावर असतं. डीएनएला मोठी इजा झाली की ते बीजाला दुरुस्तीच्या भानगडीत न पाडता संपवून टाकतं. माझी बीजं इतकी कमी का उरली त्याचं उत्तर आणि उरलेल्या बीजांवर विश्वास का ठेवायचा त्याचं उत्तर, दोन्ही त्या एका प्रथिनात आहेत. सासूबाईंना मी पी-६३ सांगितलं नाही. ‘बाळ नीट असेल, फक्त लवकर येईल,’ एवढं सांगितलं.

२०२१ च्या मार्चमध्ये पुन्हा दिवस राहिले. यावेळी पहिल्याच भेटीत मी ते पान टेबलावर ठेवलं. त्याने काय काय बदललं, ते सांगते. एकच किडनी म्हणून बाराव्या आठवड्यापासून रात्री कमी डोसाची अ‍ॅस्पिरिन आणि घरी रोज रक्तदाब. लहानपणीच्या केमोत डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला इजा करू शकणारं औषध होतं, आणि डाव्या बाजूचं फील्ड वर हृदयाच्या जवळून गेलेलं, म्हणून तीनदा इको. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पिशवीच्या तोंडाची लांबी. विसाव्या आठवड्यात ती २२ मिलिमीटरवर आली आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला टाका पडला. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी बाळाची वाढ आणि नाळेतलं रक्त. बाळ सगळ्या मापांत खालच्या रेघेला चिकटून, पण रेघ सोडत नव्हतं. आधीच्या वेळी टाका असता तर? मी हा प्रश्न बाईंना एकदाच विचारला. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘तो हिशेब मी मांडत नाही. तुम्हीही मांडू नका.’

तेहतिसाव्या आठवड्यात रात्री अकराला कळा सुरू झाल्या. नवरा गाडी लावायला गेला, मी खुर्चीत वाकून बसले आणि काउंटरवर आई उभी. रात्रपाळीचा डॉक्टर अगदी कोवळा होता, फॉर्म भरत होता. त्याने विचारलं, ‘आधी काही ऑपरेशन, काही आजार?’

आई म्हणाली, ‘लहानपणी किडनीचं ऑप—’ आणि थांबली. मग काउंटरला दोन्ही हात टेकून, शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाली, ‘कॅन्सर. विल्म्स ट्यूमर. पाचव्या वर्षी रेडिएशन. दहा पॉइंट आठ ग्रे, सहा भागांत. पिशवीला पाच. पिशवीला टाका आहे, तो आधी काढा. आणि रक्त तयार ठेवा, वार अडकू शकते.’

तो मुलगा लिहायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला. तिने ते पान कधी पाठ केलं, मला माहीत नव्हतं. त्या क्षणी कळ आली म्हणून नाहीतर मी हसले असते.

टाका काढला, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुसरं इंजेक्शन चोवीस तासांनी द्यायचं असतं, तेवढा वेळ आम्हाला मिळाला नाही. दुपारी एकला मुलगी झाली, १,७४० ग्रॅम. वार खरंच अडकली. अर्धा तास वाट बघून मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि हाताने काढावी लागली. रक्तस्राव बराच झाला, पण रक्त आधीच खाली आणून ठेवलेलं होतं. मुलगी एकोणीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता ती चार वर्षांची होत आलीय आणि माझ्या पोटावरचा निळा ठिपका दाबून बघते, बटण आहे असं समजून.

गेल्या वर्षी माझी पाळी थांबली. उजव्या बीजकोशाने दिलेली मुदत संपली. डॉक्टरांनी पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्यायला सांगितल्यात, हाडांसाठी आणि हृदयासाठी, आणि हाडांची घनता वेळोवेळी मोजायची आहे. काहीजणी हार्मोन म्हटलं की घाबरतात. माझ्या वयात जे शरीराने बनवायला हवेत तेच परत द्यायचे आहेत, एवढं समजल्यावर माझी भीती गेली. अठ्ठावीसवाली आता एकोणतीसची आहे. तिची पाळी चालू आहे. बीजांचं काय करायचं ते तिने ठरवलेलं नाही आणि आम्ही विचारत नाही.

परवा दातांच्या दवाखान्यात फॉर्म भरायला दिला. ‘पूर्वीचे आजार’, पुढे एकच ओळ. मी ‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलं आणि त्या पानाची झेरॉक्स स्टेपल करून दिली. काउंटरवरच्या मुलीने ती उलटीपालटी करून बघितली.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘तुमची फक्त अक्कलदाढ काढायचीय.’